रिकाम्या जागेतले परार्ध

ए, बी, डी, एच, पी, ?

प्रश्नचिन्हाच्या जागी कोणतं अक्षर येईल? पर्याय चार: ई, एफ, आर, झेड.

हा प्रश्न भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला घाला. तुमचा चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत उत्तर येईल. ए म्हणजे 1, बी 2, डी 4, एच 8, पी 16. दुप्पट होत चाललंय. सोळा दुणे बत्तीस, अक्षरं सव्वीसच, बत्तीसातून सव्वीस गेले, उरले सहा. सहावं अक्षर एफ. चला, पुढचा प्रश्न.

थांबा. एक गोल भाकरी घ्या. तिच्या काठावर एक टिंब काढा. भाकरीचा तुकडा एकच. दोन टिंबं काढून ती रेघेने जोडली की तुकडे दोन. तीन टिंबं काढा आणि प्रत्येक टिंब दुसऱ्या प्रत्येकाशी जोडा, तुकडे चार. चार टिंबांचे आठ. पाच टिंबांचे सोळा. सहा टिंबांचे? बत्तीस म्हणायला जीभ शिवशिवते. पण कागदावर काढून मोजा. तीन रेघा एकाच जागी छेदणार नाहीत एवढी काळजी घेतली, तर तुकडे 31 भरतात. एकतीसातून सव्वीस गेले, उरले पाच. पाचवं अक्षर ई.

भाकरी नको असेल तर 496 ही संख्या घ्या. तिला नि:शेष भाग जाणाऱ्या संख्या लहानापासून लिहायला लागा: 1, 2, 4, 8, 16, 31. पुन्हा ई.

म्हणजे पर्यायांतली दोन उत्तरं तर आत्ताच बरोबर ठरली. उरलेल्या दोघांचीही वेळ येणार आहे. बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकात अक्षरमालिकेला दोन-चार पानं मिळतात आणि 'सोपा टॉपिक' म्हणून ती झटकन उलटली जातात. त्या पानांखाली केवढे आकडे दडलेत, ते एकदा उकरून पाहू.

27

क्लासच्या फळ्यावर पहिल्या दिवशी ए ते झेड आणि खाली 1 ते 26 लिहिलं जातं. मग मैलाचे दगड: ई, जे, ओ, टी, वाय म्हणजे 5, 10, 15, 20, 25. कुठलंही अक्षर विचारा, जवळचा दगड गाठायचा आणि एक-दोन पावलं मागंपुढं व्हायचं. त्यानंतर विरुद्ध अक्षरांच्या 13 जोड्या. पहिलं आणि शेवटचं, दुसरं आणि शेवटून दुसरं, अशा. प्रत्येक जोडीची बेरीज 27. त्या पाठ करायला पोरांनी खुणा करून ठेवल्यात: जी-टी म्हणजे जीटी रोड, एच-एस म्हणजे हायस्कूल, आय-आर म्हणजे इंडियन रेल्वे, बी-वाय म्हणजे बॉय, एम-एन म्हणजे मॅन. आय नववं, आर अठरावं, बेरीज सत्तावीस.

अक्षराला अंक लावायची ही युक्ती इंग्रजीबरोबर आपल्याकडे आली असं वाटेल. पण इसवी सन 499 मध्ये आर्यभटाने क ला 1, ख ला 2, असं म ला 25 पर्यंत नेलं. पुढं य 30, र 40, करत ह ला 100. स्वरांना शंभराचे घात दिले: अ म्हणजे 1, इ म्हणजे 100, उ म्हणजे 10,000, ऋ म्हणजे 10,00,000. एका महायुगात सूर्याचे फेरे किती, हे त्याने दोन अक्षरांत लिहिलं: ख्युघृ. ख आणि य मिळून 32, त्यांना उ जोडलेला, म्हणून 3,20,000. घ म्हणजे 4, त्याला ऋ, म्हणून 40,00,000. बेरीज 43,20,000. आजच्या भाषेत हा कोडिंग-डिकोडिंगचाच प्रश्न, दीड हजार वर्षांपूर्वीचा.

आपल्या वर्णमालेला आणखी एक सोय आहे. क, च, ट, त, पुढं काय? मोजायची गरज नाही. क ते म हा पाच बाय पाचचा तक्ता आहे आणि आपण पहिल्या स्तंभातून खाली उतरतोय, उत्तर प. हाच प्रश्न इंग्रजीत ए, एफ, के, पी, पुढं काय असा येतो आणि तिथं प्रत्येक वेळी पाच मोजावे लागतात. आपल्या अक्षरांना घर आणि शेजार आहे. एबीसीडी म्हणजे नुसती रांग.

परीक्षेत मात्र बहुतेक वेळा ही रांगच वाट्याला येते, कारण तिला भाषांतर लागत नाही. रेल्वे भरतीची संगणकावरची परीक्षा मराठी आणि कोकणीसह 15 भाषांत देता येते. अक्षरमालिकेचा प्रश्न पंधराही भाषांत तोच.

54 सेकंद

पोलीस भरतीची लेखी परीक्षा 100 प्रश्नांची, वेळ 90 मिनिटं. रेल्वेच्या एनटीपीसी, म्हणजे बिगरतांत्रिक पदांच्या, भरतीची पहिली फेरीही 100 प्रश्न, 90 मिनिटं. भागाकार करा: एका प्रश्नाला 54 सेकंद. त्यातच प्रश्न वाचायचा, सोडवायचा, गोल काळा करायचा किंवा माउस दाबायचा.

2019 साली जाहीर झालेल्या एनटीपीसी भरतीत जागा होत्या 35,281. पहिली फेरी 28 डिसेंबर 2020 ला सुरू झाली आणि 31 जुलै 2021 ला संपली. परीक्षेचे दिवस 68, पाळ्या 133, शहरं 211, परीक्षार्थी 1 कोटी 23 लाखांहून अधिक. प्रत्येक पाळीचा पेपर वेगळा आणि प्रत्येक पेपरात बुद्धिमत्तेचे 30 प्रश्न. म्हणजे एकाच भरतीच्या एकाच फेरीसाठी बुद्धिमत्तेचे 3,990 प्रश्न कुणीतरी बसून काढले.

दर चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापला जात होता. आता नशिबावर हवाला ठेवणाऱ्याचा हिशेब पाहा. चार प्रश्नांवर डोळे मिटून टिचकी मारली तर सरासरीने एक बरोबर, तीन चूक. मिळाला 1, गेला तीन वेळा एक तृतीयांश, म्हणजे 1. हाती शून्य. एक तृतीयांश हा आकडा उगाच आलेला नाही. अंदाजाची किंमत बरोबर शून्यावर यावी म्हणूनच तो आहे.

आणि 30 च्या 30 प्रश्न नुसत्या अंदाजाने बरोबर यायची शक्यता? चार गुणिले चार, असं तीस वेळा. येणारी संख्या 19 आकडी आहे. ती बोलायला कोटी पुरत नाही. तिच्यासाठी आजीच्या वेळच्या पाढ्यांतला शब्द काढावा लागतो: परार्ध.

परार्ध

भास्कराचार्यांच्या 1150 च्या 'लीलावती'त संख्यांच्या 18 स्थानांची नावं आहेत. एकापासून सुरुवात, मग कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे एकावर 17 शून्यं. चाळीसगावजवळच्या पाटण गावी एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद त्यावर आहे. म्हणजे खानदेशातल्या या गावात मोठ्या संख्यांचा 'क्लास' आठशे वर्षांपूर्वी भरत होता.

अंदाजाने 30 पैकी 30 मिळवायची शक्यता साडेअकरा परार्धांत एक. 1 कोटी 23 लाख जणांनी मिळून दरवर्षी एकदा असा जुगार खेळला, तर एखाद्याला पैकीच्या पैकी पडायला सरासरीने 9,300 कोटींहून जास्त वर्षं जातील. विश्वाचं वय 1,380 कोटी वर्षं आहे.

'लीलावती'तच अदलाबदलीचं गणितही आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म यांची अदलाबदल केली तर किती मूर्ती होतील? 24. शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं फिरवली तर? 36,28,800. हात चारावरून दहा झाले, मूर्ती चोवीसवरून छत्तीस लाखांवर गेल्या.

आता दहाऐवजी सव्वीस हात धरा. इंग्रजी अक्षरं किती प्रकारे ओळीत मांडता येतील? नेमकं उत्तर: 40,32,91,46,11,26,60,56,35,58,40,00,000. भास्कराचार्यांच्या मोजणीत 403 कोटी परार्ध. परार्धांनाच कोटींनी मोजायची वेळ आली.

हा आकडा कोडिंगच्या प्रत्येक प्रश्नाच्या पोटात असतो. 'एका सांकेतिक भाषेत पी-यू-एन-ई हा शब्द क्यू-व्ही-ओ-एफ असा लिहितात', असं पेपरात येतं. सांकेतिक भाषा म्हणजे कुठल्याही अक्षराच्या जागी कुठलंही अक्षर, फक्त दोघांना एकच नको, एवढीच अट धरली तर शक्य असलेल्या भाषा 403 कोटी परार्ध. एनटीपीसीच्या सव्वा कोटी परीक्षार्थींनी दर सेकंदाला प्रत्येकी एक भाषा तपासत नेली, तर सगळ्या तपासून व्हायला विश्वाच्या वयाच्या सुमारे 75 पट काळ लागेल.

परीक्षेला बसलेली पोरगी मात्र पेन्सिल उचलते, पी च्या पुढं क्यू, यू च्या पुढं व्ही, 'प्लस वन' म्हणते आणि मोकळी होते. ज्युलियस सीझर आपल्या पत्रांत अक्षरं तीन घरं पुढं सरकवून लिहायचा. तशा सरकवण्याच्या रीती फक्त 25. बाकीचे परार्ध तिने विचारातही घेतले नाहीत. कुणाच्या भरवशावर?

सव्वीसच्या सव्वीस

भरवसा कसला, हे कळायला आधी तो किती डळमळीत आहे ते बघू. पुन्हा आपल्या पहिल्या प्रश्नाकडे. क्लासमध्ये शिकवतात की काही सुचेना तर फरक काढा, फरकांचा फरक काढा, एकसारखा आकडा येईपर्यंत खाली उतरा. उतरू या.

1, 2, 4, 8, 16
1, 2, 4, 8
1, 2, 4
1, 2
1

शेवटच्या ओळीत एकटा 1 उरला. त्याच्या शेजारी पुन्हा 1 मांडा आणि बेरजा करत वर चढा: 3, मग 7, मग 15, मग 31. उत्तर ई. गंमत अशी की भाकरीच्या तुकड्यांचा नियम हाच आहे. त्या 1 शेजारी 2 मांडला की वर 32 येतात, उत्तर एफ. 3 मांडला की 33, उत्तर जी. 14 मांडला की 44, त्यातून 26 गेले, उरले 18, उत्तर आर. 22 मांडला की 52, म्हणजे अक्षरमालेच्या बरोबर दोन फेऱ्या, उत्तर झेड. चारही पर्याय बरोबर ठरले. पर्यायांत नसलेली बावीस अक्षरंही अशीच ठरतील.

ही हातचलाखी नाही. कितीही लांबीची मालिका द्या, पुढं हवं ते अक्षर आणणारा पक्का, न चुकणारा नियम नेहमीच सापडतो. 'पुढं काय येईल' या प्रश्नाला तर्काच्या कसोटीवर एक उत्तर कधीच नसतं. सव्वीसच्या सव्वीस उत्तरं असतात आणि प्रत्येकाच्या खिशात आपापला नियम असतो.

नील स्लोन या गणितीने 1964 मध्ये, विद्यार्थी असताना, संख्यांच्या मालिका जमवायला घेतल्या. 1973 साली पुस्तक काढलं तेव्हा 2,372 मालिका होत्या. आज त्यांचा ऑनलाइन कोश साडेतीन लाखांच्या पुढं गेलाय. 1, 2, 4, 8, 16 एवढं तिथं शोधलं तर शेकड्यांनी मालिका समोर येतात. सगळ्यांची सुरुवात एक, वाटा वेगळ्या.

मग एफ का? 'सगळ्यांत सोपा नियम तो खरा', असं म्हणावं तर सोपं कशाला म्हणायचं? 1965 मध्ये रशियन गणिती कोल्मोगोरोव यांनी मोजपट्टी सुचवली: जो नियम संगणकाला कमीत कमी शब्दांत सांगता येतो तो सोपा. मोजपट्टी उत्तम, पण कुठल्याही मालिकेसाठी असा सर्वांत आखूड नियम हमखास शोधून देणारी रीत अस्तित्वातच असू शकत नाही, हेही सिद्ध झालंय. 54 सेकंदांत मात्र तोच शोधायचा असतो.

सहा साक्षीदार

आता एक खराखुरा परीक्षेला शोभेल असा प्रश्न घेऊ. तीन-तीन अक्षरांचे चार गट:

सी-एक्स-ई, एफ-व्ही-जे, आय-टी-ओ, एल-आर-टी, ?

पहिली अक्षरं पाहा: सी, एफ, आय, एल. तीन-तीन घरं पुढं. मधली: एक्स, व्ही, टी, आर. दोन-दोन घरं मागं. शेवटची: ई, जे, ओ, टी. पाच-पाच घरं पुढं, आपले मैलाचे दगड. उत्तर ओ-पी-वाय.

या चार गटांत अक्षरं बारा. बारा जागी वाटेल ती अक्षरं भरायची म्हटलं तर प्रकार होतात 95,42,89,56,66,16,82,176. जवळजवळ एक परार्ध. त्यांतले नियमित किती? प्रत्येक स्तंभात पहिलं अक्षर 26 पैकी कुठलंही, दुसरंही 26 पैकी कुठलंही. ही दोन ठरली की पाऊल ठरलं, तिसरं-चौथं आपोआप आलं. तीन स्तंभ मिळून सहा अक्षरांना मोकळीक, म्हणून प्रकार 30,89,15,776.

हे सगळे एकतीस कोटी प्रश्न पाठ करून टाकीन म्हणणाऱ्याने, दिवसरात्र, एका प्रश्नाला 54 सेकंद देत काम चालवलं तर त्याला 528 वर्षं लागतील. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला त्या वेळी हा माणूस अभ्यासिकेत बसला असता, तर 2026 साली उठला असता. रीत शिकलेल्याला तीन वजाबाक्या पुरतात.

पण या प्रश्नातली मोलाची अक्षरं वेगळीच आहेत. पहिल्या दोन गटांतली सहा अक्षरं पाऊल सांगण्यात खर्च झाली. पुढच्या दोन गटांतली सहा अक्षरं काही नवं सांगत नाहीत. ती फक्त साक्ष देतात. आपण म्हणतो 'प्लस थ्री', आणि आय येऊन सांगतो, होय. एल येऊन सांगतो, होय. योगायोगाने एक अक्षर जुळायची शक्यता 26 त एक. सहाही जुळायची शक्यता एकतीस कोटींत एक. वाऱ्याने उडालेली अक्षरं अशी पडत नाहीत. ती कुणीतरी मांडलेली आहेत.

पोरीचा भरवसा हा आहे. शब्दांत मांडायला तिला कुणी शिकवलेलं नसतं, पण सरावाने हाताला कळतं: नियम किती सुंदर आहे याला महत्त्व नाही, त्याच्या बाजूने किती अक्षरं उरली ते मोजायचं. फरकांच्या ओळींचा नियम आपल्या मालिकेतली पाचही अक्षरं जुळवण्यातच खर्ची घालतो, साक्षीला कुणी उरत नाही. म्हणून तो हवं ते उत्तर काढून देतो, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. 'दुप्पट करा' हा नियम पहिल्या दोन अक्षरांत समजतो, डी, एच आणि पी साक्ष द्यायला मोकळे राहतात. भाकरीकडे साक्षीदार तेवढेच आहेत, पण तिचा नियम सांगायला मला वर अख्खा परिच्छेद लागला. पेपर काढणारा माणूस 3,990 पैकी एक प्रश्न काढायला बसला असताना भाकरीवर टिंबं काढत होता की दुप्पट करत होता, एवढंच परीक्षार्थीला ओळखायचं असतं. 'पुढं काय येईल' अशी विचारणा असली, तरी उत्तर 'याने काय केलं असेल' या प्रश्नाचं द्यायचं असतं.

1,33,333 पायऱ्या

आता भाकरीवाल्याचं काय होतं ते पाहा. त्याने ई लिहिलं. उत्तरतालिकेत एफ. हरकत नोंदवायची सोय असते, पण 496 चे विभाजक सांगून पदरात गुण पाडून घ्यायचा म्हणजे समोरच्यालाही विभाजकांची आवड हवी. हरकत मान्य झाली नाही, तर बरोबर उत्तराचा 1 गुण गेला आणि वर एक तृतीयांश कापला गेला. एका अक्षराचा तोटा सव्वा गुणाच्याही वर, 1.33333.

पाच दशांश स्थळं मी हौसेने लिहिली नाहीत. 133 पाळ्यांचे 133 पेपर. कुणाचा सोपा, कुणाचा अवघड. सगळ्यांना एका मापात आणायला गुणांचं सामान्यीकरण करतात आणि रेल्वेची गुणयादी पाच दशांशांपर्यंत लागते. सामान्यीकरणाचं गणित कधी कुठं नेऊन ठेवतं, हे महाराष्ट्राने 2023 च्या तलाठी भरतीत पाहिलं. दहा लाखांहून जास्त अर्ज आले, परीक्षा अनेक सत्रांत झाली आणि 200 गुणांच्या परीक्षेत 214 गुण दिसले.

पाच दशांशांची यादी म्हणजे एका गुणाच्या एक लाख पायऱ्या. 1.33333 गुण म्हणजे 1,33,333 पायऱ्या. एनटीपीसीत एका जागेमागं परीक्षार्थी होते सुमारे 349. या पायऱ्यांवर माणसं दाटीवाटीने उभी असतात आणि मेरिट त्यांतल्याच एका पायरीवर थांबतं.

भाकरीवाल्याचं गणित चुकलं नव्हतं. त्याने 31 तुकडे बरोबर मोजले होते. ई आणि एफ अक्षरमालेत खेटून बसलेले शेजारी आहेत, मधे एका अक्षराचीही जागा नाही. गुणयादीत तो 1,33,333 पायऱ्या खाली उतरला, आणि वरच्या प्रत्येक पायरीवर त्याच्याआधी कुणीतरी पोचलेलं होतं.